पायापासून थंड: माळवदाचा गारवा पुन्हा मिळवताना

जागा हातात आल्यावर पहिले अकरा महिने आम्ही तिथे कुदळ मारली नाही. उमरगा तालुक्यातल्या त्या ४० बाय ६० फुटांच्या रिकाम्या जागेच्या मधोमध मी जमिनीपासून बरोबर सहा फूट उंच राहील असा एक बांबू ओळंब्यात रोवला आणि डिसेंबर २०२० पासून दर पंधरवड्याला, शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी, त्याच्या भरदुपारच्या सावलीच्या टोकाशी एक खुंटी ठोकत गेले. सूर्य डोक्यावर येण्याची वेळ आपल्याकडे घड्याळातल्या बाराला नव्हे, तर साधारण साडेबाराच्या आत-बाहेर असते, हेही मला तेव्हाच नीट कळले. डिसेंबरच्या शेवटी सावली उत्तरेला सव्वापाच फूट पडली, मार्चच्या एकविसाव्या तारखेला ती दोन फुटांवर आली, मेच्या अकराव्या तारखेच्या सुमारास बांबूच्या बुडाशी नाहीशी झाली आणि जूनच्या अखेरीस चक्क दक्षिणेला सात इंच सरकली. शून्य सावलीचा दिवस मुलांना शिकवताना मी कितीदा तरी फळ्यावर काढला असेल. पण आपल्या घराचा छज्जा किती फुटांचा हवा, हे त्याच सावलीवरून ठरते, याचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

हे सगळे करण्यामागे एक जुनी गोष्ट आहे. माझ्या आजोबांचे घर म्हणजे पाच खणांचे माळवद होते. दगडमातीच्या अडीच फूट रुंद भिंती, सागवानी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा दीड-दोन फुटांचा थर. मे महिन्यात रस्त्यावरचे डांबर मऊ पडायचे, तेव्हा आत शिरल्यावर अंगावर गार ओलसर हवा येई. छतातल्या सवण्यातून, म्हणजे उजेडासाठी ठेवलेल्या झरोक्यातून, उन्हाचा एकच कवडसा खाली उतरे आणि आम्ही पोरे दुपारभर त्याच्यामागे सरकत खेळत असू. त्या घरात पंखा नव्हता आणि तो नसल्याची जाणीवही कोणाला नव्हती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ते घर पडले. अनंत चतुर्दशीचे विसर्जन उरकून माणसे नुकती कुठे झोपली होती. किल्लारीच्या त्या भूकंपात लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसे गेली. आमच्या घरची माणसे अंगणात झोपलेली असल्यामुळे वाचली. शेजारच्या दोन घरांतली वाचली नाहीत. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

त्यानंतर आमच्या भागात दगडमातीवरचा लोकांचा विश्वासच उडाला आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. आजोबांनी पत्र्याचे घर बांधले, पुढे वडिलांनी कॉलम-बीमचे सिमेंटचे घर बांधले. दोन्ही घरे सुरक्षित होती आणि दोन्ही घरांत उन्हाळा काढणे कठीण होते. वडिलांच्या घरात रात्री अकरा वाजताही स्लॅबखाली उभे राहिले की डोक्यावर तवा धरल्यासारखे वाटे. मग आधी एक पंखा, नंतर दुसरा, मग कूलर, मग एसी असे होत गेले आणि एप्रिल-मेचे बिल बघून वडील गप्प बसायचे. माझ्या मनात प्रश्न उरला तो एवढाच: आजोबांच्या घरातला गारवा आणि वडिलांच्या घरातली निर्धास्त झोप ही दोन्ही एकाच घरात का मिळू नयेत?

माळवद पडले ते का, हे आधी समजून घ्यावे लागले. त्या भिंती एकसंध नव्हत्या. बाहेरून एक दगडी पदर, आतून एक पदर आणि मध्ये गोटे व माती भरलेली. दोन्ही पदरांना एकत्र धरून ठेवणारे आरपार दगड फारसे नव्हतेच. हादरा बसताच पदर सुटले, आणि वर कित्येक टनांचे मातीचे ओझे होते. हे ओझे एका दिवसात चढलेले नव्हते. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, जुना काढायचा नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. म्हणजे गारवा देणारी गोष्ट वजन नव्हती. गारवा दिला तो उष्णता अडवणाऱ्या जाडीने, लहान झरोक्यांनी आणि उन्हाच्या हिशोबाने केलेल्या मांडणीने. वजन हा त्यातला अपघात होता. हे उमगले आणि आमच्या घराचा आराखडा तिथून पुढे सरकला.

पहिला निर्णय दिशेचा, आणि तो फुकट होता. घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे लांब भिंती उत्तर आणि दक्षिणेकडे आल्या. दक्षिणेच्या उन्हाला आवरणे सोपे असते. आमच्या खिडक्या चार फूट उंच आहेत आणि त्यांवर थेट दोन फुटांचा छज्जा आहे. बांबूच्या सावलीवरून हिशोब केला, तर डिसेंबरच्या दुपारी छज्जाची सावली खिडकीवर सव्वादोन फूट उतरते आणि खालून पावणेदोन फुटांतून ऊन आत येते, जे थंडीत हवेच असते. मार्च उजाडेपर्यंत तीच सावली भरदुपारी पूर्ण खिडकी झाकते. जूनमध्ये सूर्य थोडा उत्तरेला जातो, म्हणून उत्तरेच्या खिडक्यांनाही छज्जा दिला. आपल्याकडे पुष्कळ जण तो उगाचच टाळतात.

पश्चिमेचे मात्र वेगळे आहे. मे महिन्यात दुपारी साडेचारला सूर्य क्षितिजापासून सुमारे ३० अंशांवर आलेला असतो, आणि तिथे दोन फुटांचा छज्जा जेमतेम एक-सव्वा फुटाची सावली देतो. छज्जा कितीही वाढवला तरी तिरपे ऊन त्याच्या खालून शिरतेच. त्यामुळे पश्चिमेला आम्ही जिना, न्हाणीघर आणि कोठीची खोली ठेवली. तापल्या तर या खोल्या तापू द्याव्यात, माणसे त्यांच्या पलीकडे राहतील. अडचण एवढीच की आमच्याकडचा पावसाळी वाराही पश्चिमेकडूनच येतो. ती बाजू पूर्ण बंद केली असती तर घर कोंदट झाले असते. म्हणून तिथे लाकडी झडपांच्या चार लहान खिडक्या ठेवल्या आहेत, ज्या सूर्य मावळल्यावर उघडतात आणि सकाळी बंद होतात. आणि पाया खणण्याच्याही आधी, बांबू उभा होता त्याच वर्षी, पश्चिमेच्या कुंपणाशी दोन कडुनिंब आणि तीन शेवगे लावले. शेवगा दीड-दोन वर्षांत सावली देऊ लागतो. कडुनिंबाला वेळ लागतो, पण तो नातवंडांपर्यंत टिकतो.

पायासाठी आणि जोत्यासाठी आजोबांच्या घराचेच काळे दगड वापरले. जवळपास तीस वर्षे ते गावातल्या जागेवर ढिगाऱ्यात पडून होते. घराची ऊर्जा म्हणजे फक्त विजेचे बिल नव्हे. चुनखडीपासून सिमेंट करायचे तर भट्टी १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते आणि त्या दगडातला कार्बन वायुरूपाने बाहेर पडतो तो वेगळाच. वीटही हजार अंशांच्या आसपास भाजलेली असते. जो दगड एकदा फोडून झालेला आहे, त्याला पुन्हा काहीच लागत नाही, फक्त वाहतूक लागते. आम्हाला तीन ट्रॅक्टर खेपा लागल्या. आई त्यातल्या दोन दगडांपाशी बराच वेळ उभी होती. ते पूर्वी उंबऱ्याशेजारी होते आणि त्यांवर उखळाचा खळगा होता. ते जोत्यात न घालता ओसरीच्या पायरीला बसवले.

भिंतींसाठी रॅट-ट्रॅप बाँड निवडला. लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळमध्ये आयुष्यभर ज्या पद्धती सामान्य माणसाच्या घरापर्यंत नेल्या, त्यांतली ही एक. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची, म्हणजे नऊ इंची भिंतीच्या पोटात सुमारे तीन इंचांची पोकळी राहते. विटा जवळपास पाव वाचतात, जोडणीचा माल त्याहून जास्त वाचतो, आणि पोकळीत कोंडलेली हवा उष्णतेला अडवते. आमच्यासारख्या भूकंप सोसलेल्या भागासाठी यात आणखी एक सोय आहे: कोपऱ्यांत आणि दारांच्या बाजूंना याच पोकळीतून उभ्या सळया घालून त्या काँक्रीटने भरता येतात. भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस ४३२६ या भारतीय मानकात सांगितल्याप्रमाणे जोत्याला, दारा-खिडक्यांच्या वरच्या पातळीला आणि छताखाली असे लोखंडी सळयांचे काँक्रीटचे सलग पट्टे घराभोवती फिरवले. माळवदाच्या भिंतींना जे नव्हते, ते नेमके हेच. पेटीला दोरीने चहूबाजूंनी बांधावे, तसे हे पट्टे चारही भिंतींना एकत्र हलायला लावतात.

विटा निवडताना मात्र दोन महिने गेले. चांगली वीट दुसऱ्या विटेवर आपटली की खणखणीत वाजते आणि कमरेच्या उंचीवरून पडली तर फुटत नाही, हे सगळ्यांना माहीत असते. मी प्रत्येक भट्टीवरून चार-चार विटा आणून घरी कोरड्या तोलल्या, चोवीस तास पाण्यात ठेवल्या आणि पुन्हा तोलल्या. विटांच्या मानकानुसार वजन वीस टक्क्यांहून जास्त वाढता कामा नये. पहिल्या तीन भट्ट्यांच्या विटा यात बसल्या नाहीत. चौथीच्या बसल्या. गिलावा न करता भिंती उघड्या ठेवायच्या असतील, तर ही परीक्षा चुकवून चालत नाही, कारण पावसाचे पाणी पिणारी वीट पुढे खारावते आणि झडते.

आमचे गवंडी माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, आयुष्यभर आडव्या विटांचे काम केलेले. आराखडा पाहून ते म्हणाले, “बाई, पोकळ भिंत म्हणजे पोकळ काम. उद्या लोक मला हसतील.” मी म्हटले, “मामा, कुंपणाची एक भिंत अशी बांधून बघू. पटली नाही तर घर तुमच्या पद्धतीने.” त्यांनी दहा फुटांची भिंत बांधली, आठ दिवस पाणी मारले आणि नंतर स्वतःच पहार घेऊन तिला ढोसून पाहिले. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

तरीही एक चूक झालीच. जोत्यावरचे पहिले पाच थर झाल्यावर मी पोकळीत बॅटरी मारून पाहिले, तर तळाशी सांडलेल्या मालाचा ढीग साचलेला. वरचा थर लावताना माल आत पडत होता आणि पोकळी हळूहळू भरत होती. असे झाले की उष्णता त्या मालातून सरळ पार होते आणि पावसात ओलही आत येते. एवढी खटपट करून शेवटी भरीव भिंतच हाती लागणार. मामांनी दोन थर उतरवले, आणि दुसऱ्या दिवशी सुताराकडून पोकळीच्या मापाची अडीच इंच रुंद, चार फूट लांब फळी करून आणली. दोन टोकांना सुतळीचे कान. थर लावताना ती पोकळीत आडवी ठेवायची, सांडलेला माल तिच्यावर पडू द्यायचा आणि थर पुरा झाला की कान धरून ती वर उचलायची. एवढ्याशा फळीने उरलेल्या सगळ्या भिंती स्वच्छ राहिल्या. कोणत्याही माहितीपत्रात मला ही युक्ती वाचायला मिळाली नव्हती.

आता छत. माझे मत स्पष्ट आहे: मराठवाड्यात घर बांधताना एकाच गोष्टीवर जास्तीचा पैसा खर्च करता येणार असेल, तर तो छतावर करावा. एप्रिल ते ऑगस्ट भरदुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे भिंतींपेक्षा छतच अधिक तापते, आणि पाच इंची काँक्रीट उष्णता अडवत नाही, ती साठवते आणि आपण झोपायला जातो त्या वेळी खाली सोडते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या इको निवास संहितेत (२०१८) छतासाठी उष्णतावहनाची कमाल मर्यादा प्रति चौरस मीटर प्रति अंश १.२ वॅट ठेवली आहे. नुसत्या स्लॅबचा आकडा तीनच्या वर जातो. आम्ही फिलर स्लॅब केला. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीट ताण घेत नाही, ताण सळई घेते. म्हणून सळयांच्या चौकटींमध्ये मंगलोरी कौलांच्या जोड्या बसवल्या, त्यामुळे तिथले काँक्रीट वाचले, वजन उतरले आणि दोन कौलांमध्ये हवा राहिली. कौले आदल्या रात्री भिजवून ठेवावी लागतात, नाहीतर ती काँक्रीटमधले पाणी ओढून घेतात. आम्ही घरचे सगळे त्या रात्री हौदाशी बसून कौले बुडवत होतो. आता खालून पाहिले की छतात कौलांची तांबडी नक्षी दिसते.

पण फिलर स्लॅबने खरा गारवा येईल असे समजू नये. सळयांच्या पट्ट्यांतून उष्णता येतेच. म्हणून वर जलरोधक थर, त्यावर दोन इंच जाडीचे दाट फोमचे तक्ते, त्यावर उतार काढलेला कोबा आणि सर्वांत वर पांढऱ्या फुटक्या फरशीचे चायना मोजेक असे थर दिले. जुन्या माळवदाची दोन फूट माती जे करत होती, ते हे दोन इंच करतात, आणि माणसाच्या डोक्यावर ओझे राहत नाही. ज्यांना एवढा खर्च जमत नाही, त्यांनी निदान मार्चमध्ये गच्चीला दाट चुन्याचे दोन हात द्यावेत. पहिल्या पावसाळ्यात ते धुऊन जातात, दरवर्षी पुन्हा द्यावे लागतात, पण फरक त्याच रात्री जाणवतो. वडिलांच्या घरावर आम्ही आता तेच करतो.

आत शहाबादी फरशी आहे. शहाबाद आमच्यापासून फार दूर नाही आणि उन्हाळ्यात अनवाणी पायांना तिच्यासारखे सुख दुसऱ्या फरशीत नाही. घर वापरण्याची शिस्तही आहे. मे महिन्यात सकाळी आठला सगळ्या खिडक्या बंद होतात आणि रात्री आठनंतर उघडतात. गेल्या मेमध्ये बाहेर ४२ अंश असताना आत दुपारी ३३ होते. ३३ अंश म्हणजे थंडी नव्हे, हे मी आवर्जून सांगते. पण पंखा आणि अगदी वाईट दिवसांत कोरड्या हवेत उत्तम चालणारा कूलर, एवढ्यात निभावते. एसीची जागा भिंतीत ठेवली होती, ती रिकामीच आहे.

यंत्रांचा विचार आम्ही या सगळ्यानंतर केला, आणि हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. साधा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रशविना मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. पाच पंखे दिवसाला बारा तास चालले, तर साडेचार युनिटांऐवजी १.८ युनिट लागतात, म्हणजे महिन्याला सुमारे ८० युनिट वाचतात. शंभर लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला जवळपास तीन युनिट लागतात, म्हणून सौर बंब घेतला. मात्र आमच्या बोअरचे पाणी क्षारांचे असल्यामुळे त्याच्या नळ्या दरवर्षी साफ कराव्या लागतात, हे विकणाऱ्याने सांगितले नव्हते.

सौर पॅनेल सर्वांत शेवटी, २०२४ मध्ये, पीएम सूर्यघर योजना सुरू झाल्यावर आले. या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. त्यामुळे प्रत्येक जण तीन किलोवॅटचाच आग्रह धरतो. आमच्याकडे आलेल्या माणसानेही तेच केले. पण एका किलोवॅटपासून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात; आमचा महिन्याचा वापर दीडशेच्या आत आहे, म्हणून दोन किलोवॅट पुरून उरतात. घर तापते तसेच ठेवून त्यावर पॅनेलांचे छप्पर चढवणे म्हणजे भोक असलेल्या घागरीला मोठा नळ लावणे. पॅनेल दक्षिणेला सुमारे १८ अंशांनी कलते ठेवले आहेत आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला आई सकाळी सातला त्यांवर पाणी मारते. ती धूळ पुसली नाही तर युनिट कमी पडतात, हे तिने मीटरवर स्वतः पाहिले आहे.

एक गोष्ट चुकली ती सांगते. स्वयंपाकघराला पूर्वेची मोठी खिडकी दिली आणि तिला बाहेरून सावली करायची राहून गेली. एप्रिलमध्ये सकाळी सात ते दहा ओट्यावर सरळ ऊन येते, नेमके स्वयंपाकाच्या वेळी. सध्या बाहेर बांबूचा तट्टा बांधला आहे आणि त्यावर कृष्णकमळाचा वेल चढवला आहे. दोन वर्षांत तो निम्म्या खिडकीपर्यंत आला आहे.

उघड्या विटांच्या भिंती पाहून नातेवाईक अजूनही विचारतात, गिलावा कधी करणार? सासूबाईंनी तर पहिल्या दिवाळीला रंगाचे पैसे वेगळे काढून ठेवले होते. या मेमध्ये त्या पंधरा दिवस राहिल्या, दुपारी ओसरीलगतच्या खोलीत चादर ओढून झोपल्या आणि जाताना पैशांबद्दल काही बोलल्या नाहीत.

गेल्या महिन्यात मामांचा फोन आला. मुरूम गावाच्या रस्त्याला एका शेतकऱ्याचे घर ते बांधत आहेत, तशाच उभ्या विटांचे. त्यांना ती अडीच इंची फळी हवी होती. माझ्याकडे कोठीत होती, सुतळीचे कान कुजले होते. मी नवी सुतळी लावून ती त्यांच्या नातवाच्या हाती पाठवली.